नागपंचमीला लेथ बंद: नाशिकमधले तीन दिवस

श्रावण नुकताच लागला होता. नाशिकच्या एका रद्दीवाल्या भाऊंचा फोन आला. "सर, लेथचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलंय. आत चित्रंच चित्रं आहेत. एका वाड्यातून निघालंय. ठेवू का बाजूला?" मी म्हटलं, "ठेवा, कुणाला दाखवू नका. उद्या सकाळच्या गाडीने निघतो."

अकरा वर्षं झाली, मी एकाच विषयाची जुनी पुस्तकं शोधतोय. विषय आहे लेथवरच्या, म्हणजे लाकूड किंवा धातू फिरवून कातायच्या यंत्रावरच्या, नक्षीचा. साध्या कातकामात लाकूड फिरतं आणि हत्यार एका जागी असतं, त्यामुळे निघेल ते गोल निघतं: लाटणं, भोवरा, पाळण्याचा दांडा. नक्षीच्या कातकामात हे उलटं होतं. लाकूड थांबतं आणि एक इवलंसं धारदार हत्यार स्वतःभोवती फिरत त्याच्यावर बारीक वर्तुळ कोरतं. एक वर्तुळ झालं की लेथच्या मागची भोकांची तबकडी मोजून काही घरं पुढे सरकवायची आणि दुसरं वर्तुळ काढायचं. अशी चोवीस, अठ्ठेचाळीस, शहाण्णव वर्तुळं एकमेकांत गुंतली की लाकडावर कमळ उमलतं. हाताने एकही रेघ काढलेली नसते, सगळा खेळ मोजमापाचा असतो. युरोपात दोन-अडीचशे वर्षं राजेरजवाडे आणि हौशी लोक या छंदापायी वेडे झाले होते. रशियाचा पीटर द ग्रेट तर स्वतः लेथवर बसायचा. या कलेचं बरंचसं ज्ञान आज फक्त त्या काळच्या पुस्तकांत उरलंय.

आपल्याकडे 'कातणे' हे क्रियापद सुतालाही आहे आणि लाकडालाही. लेथवर लाकूड कातणारा तो कातारी, आणि त्याच्या हातून उतरलेलं ते कातीव. आज 'कातीव' म्हटलं की सह्याद्रीचा कडा नाहीतर एखादा चेहरा डोळ्यांपुढे येतो. मला मात्र आधी कातारी दिसतो.

पहिला दिवस, गुरुवार

पुण्याहून निघालेली गाडी सिन्नरपर्यंत कोरड्या रस्त्याने आली आणि नाशिकच्या हद्दीत शिरताच पावसाने गाठलं. सीबीएस बसस्थानकाजवळ खोली घेतली, बॅग टाकली आणि तडक दहीपुलाकडे निघालो. जुन्या नाशिकच्या या बोळांत पावसाळ्यात पाणी शिरतं, म्हणून भाऊंनी सगळी पुस्तकं माळ्यावर चढवून ठेवली होती. शिडीवर उभं राहून त्यांनी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक खाली दिलं. गाठ सोडताना माझी बोटं थरथरत होती.

ते कारखान्यातल्या शिकाऊ कामगारांसाठीचं पाठ्यपुस्तक निघालं. विसाव्या शतकातलं, आटे पाडण्यावर आणि गिअरच्या हिशोबांवर. पुस्तक चांगलंच होतं, पण मला हवं ते नव्हतं. भाऊंना माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं. "नाही ना? पुण्याहून आलात हो तुम्ही." त्यांनी चहा मागवला, पैसे घ्यायला नकार दिला आणि वर चार जुन्या पेट्या उघडून दाखवल्या. त्यांतही काही नव्हतं. पण पावसाच्या आवाजात, कोरड्या कागदाच्या वासात एक तास फार चांगला गेला.

पावसाळ्यात जुनी पुस्तकं धुंडाळायला जाणार असाल, तर दोन गोष्टी सांगतो. सोबत जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि जुनी सुती धोतरं किंवा ओढण्या ठेवा. पुस्तक आधी कापडात आणि मग प्लॅस्टिकमध्ये, असं गुंडाळायचं. नुसत्या प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि दोन दिवसांत बुरशी धरते. घरी आल्यावर ते लगेच इतर पुस्तकांत मिसळू नका. आठ-दहा दिवस वेगळं ठेवा, पंख्याखाली पानं हळूहळू मोकळी करा आणि कपाटात वेखंडाचे तुकडे ठेवा. पोथ्या सांभाळणारे लोक हे आधीपासून करत आलेत, आणि माझ्या कपाटात अजून कसर लागलेली नाही.

संध्याकाळी पाऊस ओसरला तसा गंगेवर गेलो. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. वरून पाणी सोडलेलं होतं, रामकुंडाच्या पायऱ्या बुडाल्या होत्या, आणि काठावर जो तो एकच प्रश्न विचारत होता: "दुतोंड्याला कुठवर लागलं?" दुतोंड्या मारुती म्हणजे या गावाची पूर मोजायची पट्टी. त्या दिवशी पाणी गुडघ्याच्या खाली होतं, म्हणजे गाव निर्धास्त. ते नारोशंकराच्या देवळाच्या घंटेपर्यंत चढतं तेव्हा खरी धावपळ उडते.

तिथून वर चढताना एका छोट्या देवळाच्या आवारात चाफ्याचं झाड दिसलं. खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता आणि एक मावशी ओच्यात फुलं वेचत होत्या. मी थबकलो ते वेगळ्याच कारणाने. या झाडाचं शास्त्रीय नाव प्लुमेरिया. ते ज्याच्या नावावरून पडलं, तो शार्ल प्लुमिए फ्रेंच संन्यासी होता. मार्सेयमध्ये १६४६ साली जन्मला. वनस्पतींच्या शोधात तीनदा कॅरिबियन बेटांवर जाऊन आला आणि १७०४ साली पुढच्या सफरीची वाट पाहत स्पेनच्या किनाऱ्यावर वारला. याच प्लुमिएने १७०१ मध्ये ल्यों शहरात 'लार्त द तुर्ने' हे पुस्तक छापलं. लेथवरच्या कलेचा पहिला सविस्तर ग्रंथ हाच. एकाच पानावर शेजारी शेजारी लॅटिन आणि फ्रेंच मजकूर, आणि तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली पानपानभर चित्रं. पीटरने तो स्वतःसाठी रशियनमध्ये उतरवून घेतला होता.

अमेरिका खंडातलं झाड आपल्या देवळापुढे इतकं रुजलं, की आपण त्याला देवचाफा म्हणतो. आणि त्याच्या नावात एक कातारी बसलाय. मी हे मावशींना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, ओच्यातली दोन फुलं माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "मग एक त्यांच्या नावाने ठेवा देवाला." मी ठेवलं.

दिवेलागणीला टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयात गेलो. नाशिककरांचं सावाना. १८४० साली 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालेली ही संस्था. मला ते साल विसरता येत नाही, कारण जगातलं पहिलं टपाल तिकीट, लंडनचं पेनी ब्लॅक, त्याच वर्षीचं. राणीच्या चेहऱ्यामागे जी बारीक जाळीदार पार्श्वभूमी दिसते ती लेथवरच कोरलेली होती, कुणाला नक्कल करता येऊ नये म्हणून.

वाचनकक्षात बसून मी वहीत दिवसाची टिपणं लिहीत होतो. वहीच्या कोपऱ्यात एक जाळीदार फूल काढलेलं होतं. शेजारी वर्तमानपत्र वाचणारे एक आजोबा बराच वेळ त्याकडे बघत होते. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून हळूच म्हणाले, "हे नोटेवरचं आहे का?"

मी खिशातून दहाची नोट काढली. आजोबांनी नोटेवरच्या वेलबुट्टीवरून बोट फिरवलं. मी कुजबुजत सांगू लागलो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एसा स्पेन्सर नावाच्या कारागिराने भूमितीच्या रेघा काढणारा लेथ बनवला. जेकब पर्किन्स १८१९ मध्ये ती विद्या घेऊन लंडनला गेले, आणि तिथपासून नोटांवर, तिकिटांवर, रोख्यांवर ही जाळी आली. पूर्वी आपल्या नोटा नि तिकिटं इंग्लंडहून छापून यायची. नाशिकरोडला १९२५ साली इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ पासून इथे नोटा छापल्या जाऊ लागल्या. या गावात शेकडो घरांची चूल त्या जाळीवर पेटली आहे. नक्षीच्या कातकामाची पुस्तकं शोधायला नाशिकला कशाला जायचं, असं पुण्यात मला विचारणारे खूप भेटतात. त्यांना मी हेच सांगतो.

आजोबांनी पेपरची घडी घातली. "चला बाहेर," म्हणाले. "इथे बोलणं बरं नाही. जेलरोडला आमचे एक स्नेही आहेत. असलीच फुलं लाकडावर काढतात. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक पण आहे." वाचनालयाच्या पायरीवर उभं राहूनच त्यांनी फोन लावला. पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

दुसरा दिवस, शुक्रवार

सकाळी मिसळ. नाशिकच्या मिसळीबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी एवढंच सांगेन: काळ्या मसाल्याचा रस्सा मागा, पापड रश्श्यात न बुडवता वरून चुरा आणि दही शेवटी घ्या. तिथून नाशिकरोडला गेलो. शहरापासून आठ-नऊ किलोमीटर. सिटीलिंकची बस मिळाली तर उत्तम, पावसात रिक्षावाले जास्त मागतात.

आजोबांचे जेलरोडचे ते स्नेही म्हणजे काका. त्यांचं घर म्हणजे बैठी चाळ पाडून बांधलेल्या इमारतीचा तळमजला. दारावर हळदीने नाग काढलेले, उंबऱ्यावर दूध-लाह्या. काका पंचाहत्तरीचे, एका कारखान्यातून टर्नर, म्हणजे लेथवरचे कारागीर, म्हणून निवृत्त झालेले. वडील कातारी. लाटणी, भोवरे, खुळखुळे करायचे आणि बुधवारच्या बाजारात गंगेवर नेऊन विकायचे. "मी आयटीआय केलं, लोखंडाकडे गेलो," काका म्हणाले, "पण हाताला सवय लाकडाची."

मागच्या खोलीत, जिथे एरवी मोरी असायची, तिथे त्यांचा लेथ होता. हातभर लांबीचा, जुना, बिडाचा. त्याच्या मागे अॅल्युमिनियमची तबकडी आणि तिच्यावर भोकांची चार वर्तुळं: ९६, १२०, १४४, १९२. चारही काकांनी स्वतः पाडलेली. वर छताला लटकवलेल्या दांड्यावरून एक दोरी खाली येत होती. ती शिलाई मशीनच्या मोटरवर फिरायची आणि हत्याराला फिरवायची. लंडनच्या होल्ट्झाफेल घराण्याच्या लेथवरच्या पुस्तकांत हीच योजना चित्रांत आहे, फक्त तिथे मोटरऐवजी पायाने दाबायचा पायटा असतो. एवढं सगळं एका माणसाने, दुसऱ्या कुणाचा लेथ न बघता, नुसत्या पुस्तकावरून उभं केलं होतं. मला काही बोलायला सुचेना.

मग त्यांनी पुस्तक आणलं. धोतरात गुंडाळलेलं.

होल्ट्झाफेलचा पाचवा खंड. हे नाव या विषयात काय आहे, ते थोडक्यात सांगतो. हे मूळचं अल्सासकडचं घराणं. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनला येऊन त्यांनी लेथ बनवायला सुरुवात केली, आणि जगातले सगळ्यात देखणे लेथ त्यांच्या कारखान्यातून निघाले. कारखाना काढणाऱ्याच्या मुलाने, चार्ल्सने, सगळी विद्या पुस्तकात उतरवायचं ठरवलं. सहा खंडांचा बेत होता. पहिला खंड १८४३ मध्ये आला. तो साहित्यावर आहे: लाकडं, शिंग, हस्तिदंत, धातू. दुसरा १८४६ मध्ये आला. १८४७ मध्ये चार्ल्स गेले, आणि तिसरा त्यांच्यामागे १८५० मध्ये निघाला. मग जवळजवळ तीस वर्षं काहीच नाही. त्यांच्या मुलाने, जॉन जेकबने, चौथा १८७९ मध्ये आणि नक्षीकामाचा पाचवा १८८४ मध्ये काढला. सहावा कधी आलाच नाही. माझ्याकडे पाचव्या खंडाचं १९७३ चं अमेरिकन पुनर्मुद्रण आहे. मूळ प्रत हातात घ्यायची माझी ही पहिलीच वेळ.

पुठ्ठा सुटलेला, पाठ शिवलेली, पानांच्या कडा तेलाने तपकिरी झालेल्या. दुकानदार अशा प्रतीला 'खराब' म्हणतो आणि संग्राहक ती बाजूला ठेवतो. पण मी चौथं पान उलटलं आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं मराठी दिसलं. जुन्या वळणाचं, अनुस्वारांसकट:

"९६ चें वर्तुळ. दर ४ घरें. २४ काप."

पुढे दुसऱ्या पानावर: "शिसवीस बेताचें. आबनूस उत्तम. सागास नाहीं, कड तुटते." आणखी पुढे: "स्क्रूचा एक फेरा = दशांश इंच. पेंच एकाच बाजूनें फिरवावा, नाहींतर फरक पडतो." मध्येच दोन ओळी मोडीत, त्या मला वाचता आल्या नाहीत. नाव कुठेच नाही. आणि या पेन्सिलीच्या खाली, निळ्या शाईत, काकांची स्वतःची टिपणं, गेल्या तीसेक वर्षांतली.

त्या 'सागास नाहीं'वर मी किती वेळ बोट ठेवून बसलो होतो, सांगता येत नाही. सागाचे रेशे मोकळे, लाकूड भुरभुरीत, बारीक कापाला धार टिकत नाही. इंग्रजी पुस्तकात आफ्रिकन काळं लाकूड नाहीतर हस्तिदंत घ्या असं म्हटलंय. इथे कुणीतरी, कधीतरी, पुस्तक लेथशेजारी उघडं ठेवून आपल्या लाकडांवर ते सगळं तपासून पाहिलं होतं. हस्तिदंत आज विकत घेता येत नाही आणि घेऊही नये. काका पाडलेल्या वाड्यांतल्या शिसवीवर काम करतात, आणि खानदेशातलं अंजन मिळालं तर त्यावर. "अंजन दगडासारखं," म्हणाले, "पण रेघ काय उठते!"

"कुठे मिळालं हे पुस्तक?"

"बुधवारच्या बाजारातच. वडिलांच्या शेजारी एक जण भंगार घेऊन बसायचा. वजनावर घेतलं."

मी विचारलं, "काका, एखादं फूल काढून दाखवाल?" त्यांचे हात लेथकडे गेलेच होते, तेवढ्यात दारातून काकूंचा आवाज आला. "आज नागपंचमी आहे. सकाळपासून मी विळीला हात लावला नाही, आणि तुम्ही लाकूड कापणार?"

काकांनी हात मागे घेतला. "खरंय," म्हणाले. "आज कापायचं नाही. वडीलपण या दिवशी लेथला हात लावत नसत. उद्या या."

म्हणून मग आम्ही जेवलो. काकूंनी पुरणाची दिंडं केली होती. आज तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून हळदीच्या पानावर उकडलेली. वर साजूक तुपाची धार. सोबत भिजवलेल्या मुगाची, चिरावं लागत नाही अशी उसळ. शेजारचे एक गृहस्थ लाह्यांचा डबा घेऊन आले. ते प्रेसमधून निवृत्त झालेले. मी उत्साहाने नोटांवरच्या जाळीबद्दल विचारलं. त्यांनी हसून मान हलवली. "प्रेसमधलं आम्ही बाहेर बोलत नाही. घरातपण कधी बोललो नाही." पुढे ते पावसाबद्दल बोलू लागले. मला त्यांचा फार आदर वाटला.

जेवणानंतर काकांनी एक गोष्ट दाखवली. पुस्तकात एक पान नव्हतं, विकत घेतलं तेव्हापासूनच. त्या जागी हत्याराने काढायच्या वर्तुळांतून शिंपला उठवायची रीत सांगितलेली होती. आधीच्या पानावर वाक्य अर्धवट तुटत होतं. शिंपला म्हणजे लहान लहान होत जाणारी वर्तुळं, सगळी एका बाजूला एकाच बिंदूत टेकलेली. "मी माझ्या हिशोबाने काढतो," काका म्हणाले. "वर्तुळाची त्रिज्या जेवढी कमी केली, तेवढंच हत्यार त्या बिंदूकडे सरकवायचं. फूल बरोबर येतं. पण साहेबाने काय लिहिलंय ते बघायचं राहिलं."

मी पुण्याला लेकीला फोन लावला. कपाटाचा दुसरा कप्पा, निळं जाड पुस्तक. पान नंबरावर भरवसा न ठेवता तुटलेल्या वाक्याचे शब्द तिला सांगितले. वीस मिनिटं लागली. तिने आधी भलतंच पान पाठवलं, मग बरोबर पान, पुढून-मागून. काकांनी मोबाईल खिडकीशी नेला, भिंग काढलं. एका हाताने भिंग धरून ते ओठ हलवत वाचत होते. काकू पदराला हात पुसत त्यांच्यामागे उभ्या राहिल्या.

वाचून झालं. काकांनी मोबाईल परत दिला.

"बरोबर आहे," म्हणाले. "तेच लिहिलंय."

मग ते बराच वेळ मागच्या खोलीत, बंद लेथपाशी बसून राहिले.

तिसरा दिवस, शनिवार

सकाळी आठलाच पोचलो. काकांनी पहाटे शिसवीची चकती लावून, तासून, गुळगुळीत करून ठेवली होती. हातभर अंतरावर पुस्तक उघडं. मला म्हणाले, "बसा, पण दिव्याच्या आड येऊ नका."

मोटर सुरू झाली. हत्याराचा आवाज भुंग्यासारखा येत होता, आणि लाकडाला टेकलं की तो आवाज क्षणभर खाली उतरायचा. काका हत्यार आत घेत, एक श्वास थांबत, बाहेर काढत. मग त्रिज्येचा स्क्रू थोडा कमी करत आणि स्लाइड रेस्टचा, म्हणजे हत्यार धरणाऱ्या सरकत्या बैठकीचा, स्क्रू तेवढाच पुढे नेत. दर वेळी आधी मागे नेऊन मग पुढे, एकाच बाजूने. समासातल्या त्या अनोळखी माणसाने लिहून ठेवलंय तसंच. शिंपला पूर्ण झाला की तबकडीच्या भोकातली खुंटी उचलून १९२ च्या वर्तुळात सोळा घरं सरकवायची. बारा शिंपले. मध्ये ते एकदाही बोलले नाहीत. एकदा घरं चुकीची मोजली की सगळी चकती वाया जाते. मोजणी ओठांवर चाललेली दिसत होती.

दीड तासाने त्यांनी मोटर बंद केली आणि चकतीवर मऊ ब्रश फिरवला. बारीक काळसर पूड उडाली. खाली शिंपल्यांचं कडं उमटलं होतं. उजेड जरा हलला की रेघा चमकून जागा बदलायच्या. छापलेल्या चित्रात हे कधीच दिसत नाही. मी अकरा वर्षं ही चित्रं बघतोय.

निघताना मनातली गोष्ट बोललो. पैसे घेऊन आलो होतो, हे खरं. पण हे पुस्तक तुम्हाला विकायला सांगणार नाही, म्हटलं. पुस्तक लेथशेजारी आहे, तिथेच बरं. काकांनी ऐकलं. त्यांच्या दोन्ही मुलांचा या कामाशी संबंध नाही, एक बंगळुरूला, एक इथेच बँकेत. त्यांनी पेन्सिल घेतली आणि शेवटच्या कोऱ्या पानावर माझं नाव आणि नंबर लिहिला. खाली लिहिलं, "पुण्यास". त्या एका शब्दात जुन्या समासातलं वळण आलं होतं. त्यांच्याही लक्षात आलं आणि ते हसले.

या पुस्तकांच्या मागे लागणाऱ्यांसाठी इथे थोडं लिहितो. प्रत घेण्याआधी पानं मोजाच. चित्रांची पानं लोकांनी फ्रेमसाठी कापून नेलेली असतात, आणि मजकुराची पानं अशी गळतात. बर्जरॉनचं फ्रेंच 'मॅन्युएल द्यु तुर्नर' कुठे दिसलं, तर चित्रांचा वेगळा खंड सोबत आहे का ते आधी विचारा, कारण नुसता मजकूर सारखा सापडतो. समासात कुणी लिहिलं असेल तर ते खोडू नका आणि त्यासाठी किंमत पाडून मागू नका. फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नका. पाच वर्षांत तो पिवळा पडतो, कागद घेऊन निघतो. मैद्याची किंवा गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि पातळ हातकागदाची पट्टी, एवढं पुरतं.

दुपारच्या गाडीने परत निघालो. पिशवीत काकूंनी दिलेल्या लाह्या, मोबाईलमध्ये समासातल्या टिपणांचे एकशे चाळीस फोटो. त्या दोन मोडी ओळी पुण्यात जाणकारांना दाखवल्या. लाकडाला मेण लावायची रीत आहे ती.

घरी आल्यावर माझ्या प्रतीतलं ते पान जाडसर, आम्ल नसलेल्या कागदावर दोन्ही बाजूंनी नीट छापून घेतलं, मूळ पानाच्या मापाने कापलं, आणि पुठ्ठ्यात घालून टपालाने पाठवलं. पाकिटावर तिकीट लावताना त्याची कड बोटाने चाचपून पाहिली.

आठवड्याने काकांचा निरोप आला. फोटो होता: उघडं पुस्तक, मधोमध पांढरंशुभ्र नवं पान, वर वजनाला शिसवीचा ठोकळा. खाली लिहिलं होतं, "खळ लावली. वाळतंय. काकू म्हणतात, संध्याकाळपर्यंत हात लावू नका."